उमेदवारीचं दीड वर्ष

परवा माझ्या जुन्या सपोर्ट टीममधल्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती अजून तिथेच आहे, हेडसेट लावून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, आणि तिने एकदम विचारलं की तू सॉफ्टवेअर डेव्हलपर कशी झालीस ते मला नीट सांग गं, कारण मलाही व्हायचंय आणि माझ्याकडे ना कॉम्प्युटरची डिग्री आहे ना आता परत कॉलेजात बसायला वेळ. फोनवर मी जे काही सांगितलं ते फारच तुटक झालं, ठेवल्यावर आठवत राहिलं की अरे हे राहिलं, ते राहिलं. म्हणून आता सगळं इथे लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या अजून कोणी असतील तर त्यांच्यासाठी.

मी अप्रेंटिसशिपमधून आले. मराठीत याला उमेदवारी म्हणतात, हल्ली तो शब्द फक्त निवडणुकीच्या बातम्यांत ऐकू येतो पण जुनी माणसं म्हणायची ना, की अमक्याने तमक्याच्या हाताखाली दोन वर्षं उमेदवारी केली, तोच अर्थ. मला तो शब्द फार आवडतो कारण त्यात उमेद आहे. काम येत नसताना कामावर घेतलं जाणं, काम करता करता ते शिकणं, आणि शिकत असतानाही पगार मिळणं, थोडक्यात एवढंच. पगार पूर्ण डेव्हलपरपेक्षा कमी असतो हे आधीच सांगते, पण असतो. मुदत ठरलेली असते, कुठे सहा महिने, कुठे वर्ष, कुठे दोन, माझी दीड वर्षाची होती. आणि एक माणूस नेमून दिलेला असतो ज्याच्या कामाचाच एक भाग म्हणजे तुम्हाला शिकवणं, त्याला मेंटॉर म्हणा.

लोक याची आणि इंटर्नशिपची सरमिसळ करतात. इंटर्नशिप बहुतेकदा कॉलेज चालू असताना काही आठवड्यांची किंवा दोन-चार महिन्यांची असते, विद्यार्थी येतो, एखादं बाजूचं प्रोजेक्ट करतो आणि परत जातो. अप्रेंटिस मात्र टीममध्येच असतो, रोजच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, उभा राहतो, त्याच्या नावावर टिकेटं, म्हणजे नेमून दिलेली कामं, असतात, आणि कंपनीने त्याला ठेवून घेण्याच्या हिशोबानेच घेतलेलं असतं. आणि कोर्सवाले जे बूटकॅम्प असतात त्यात तुम्ही पैसे भरता, इथे तुम्हाला पैसे मिळतात. कोणी अप्रेंटिसशिप म्हणून वर तुमच्याकडूनच फी मागत असेल तर तो क्लास आहे, नाव काहीही असो, हे मी तिला फोनवर दोनदा सांगितलं आणि इथे तिसऱ्यांदा सांगतेय.

निवड कशी झाली ते आधी सांगते कारण सगळ्यात जास्त भीती तिथेच वाटते. अर्ज, मग एक साधी गप्पांसारखी मुलाखत, मग तासभर एका डेव्हलपरसोबत बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा, एका फाईलमधले शब्द मोजून सगळ्यात जास्त वेळा आलेले दहा शब्द दाखवायचे. मला पूर्ण जमला नाही. शब्दाच्या शेवटी आलेल्या स्वल्पविरामामुळे एकच शब्द दोन वेगळे शब्द म्हणून मोजला जात होता आणि वेळ संपली. पण मी सगळा वेळ मोठ्याने बोलत होते, की आता मला असं वाटतंय, म्हणून हे छापून बघते, अरे हे तर वेगळंच आलं, म्हणजे माझा अंदाज चुकला. नंतर कळलं की ते तेच बघत होते. पूर्ण प्रोग्रॅम लिहून आलेल्या पण तासभर गप्प बसलेल्या माणसाला शिकवणं अवघड जातं कारण तो कुठे अडकलाय ते कोणालाच कळत नाही.

दुसरी गोष्ट जी कामी आली ती म्हणजे माझी एक स्क्रिप्ट. सपोर्टला असताना आम्हाला रोज संध्याकाळी तक्रारींची एक सीएसव्ही फाईल मिळायची आणि त्यातून कुठली तक्रार किती वेळा आली ते हाताने मोजून लिहावं लागायचं, पाऊण तास जायचा. मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होते तेव्हा ते मोजायला सत्तर-ऐंशी ओळींची स्क्रिप्ट लिहिली. कोड अगदी नवशिक्याचा होता, पण ती टीममधले चार जण रोज वापरत होते, आणि मुलाखतीत अर्धा वेळ त्यावरच बोलणं झालं. एखाद्या महिन्याची तारीख वेगळ्या फॉरमॅटमध्ये आली तेव्हा काय केलंस, कोणी फाईल उघडी ठेवली तर काय होतं, असे प्रश्न. ट्युटोरियल बघून बनवलेल्या दहा सुंदर वेबसाईटपेक्षा खऱ्या माणसांनी वापरलेलं एक छोटं काम जास्त बोलतं, कारण वापरणारी माणसं आली की अडचणी आपोआप येतात आणि त्या सोडवाव्याच लागतात.

पहिला आठवडा. मला वाटलेलं की लगेच काहीतरी बनवायला देतील, तर पहिले दोन दिवस नुसता लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालू करण्यात गेले. रेपोमध्ये, म्हणजे प्रोजेक्टचा सगळा कोड असतो तिथे, रीडमी नावाची फाईल असते त्यात सगळ्या पायऱ्या लिहिलेल्या असतात, त्याप्रमाणे करत गेले आणि चौथ्या पायरीवर अडकले. डेटाबेसचं जे व्हर्जन लिहिलेलं ते कधीच बदललेलं होतं. मग सातव्या पायरीवर परत अडकले, एक सेटिंग होतं जे सगळ्यांच्या मशीनवर आधीपासून असल्यामुळे कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय म्हणून मी दीड दिवस कोणाला विचारलंच नाही. शेवटी मेंटॉर स्वतः येऊन बसली, स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "अगं हे आमच्यापैकी कोणाला दिसणारच नाही, आमची मशीनं दोन-तीन वर्षांपूर्वी लावलेली आहेत. नव्या माणसाचे डोळे फक्त तुझ्याकडे आहेत आत्ता, आणि ते फार दिवस टिकत नाहीत. जिथे जिथे अडकलीस ते सगळं रीडमीमध्ये लिही." माझा पहिला कमिट, म्हणजे प्रोजेक्टमध्ये नोंदवलेला बदल, तो. कोडची एकही ओळ नाही, फक्त अकरा ओळी मजकूर. पण तो लिहिताना मी गिटची (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ब्रँच म्हणजे कोडची वेगळी शाखा काढली, कमिट केला, पुल रिक्वेस्ट म्हणजे तो बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती टाकली, दुसऱ्याने वाचून रिव्ह्यू झाला, मर्ज झाला म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला, म्हणजे पुढचं दीड वर्ष जे रोज करायचं होतं त्याची पूर्ण फेरी एकदा बिनधोक मारून झाली.

आता एक बग जरा सविस्तर सांगते कारण मला वाटतं अप्रेंटिसशिप म्हणजे काय हे त्या एका बगमध्ये सगळं होतं.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. तक्रार आलेली की काही ग्राहकांना त्यांची अपॉइंटमेंट एक दिवस आधीची दिसते. पाच तारखेची बुक केली तर स्क्रीनवर चार. सगळ्यांना नाही, काहींनाच. टिकेट माझ्याकडे आलं आणि मी माझ्या मशीनवर बघितलं तर पाच म्हणजे पाचच दिसत होती. स्टेजिंगवर, म्हणजे ग्राहकांपर्यंत जाण्याआधी तपासायच्या सर्व्हरवर, बघितलं, पाच. टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. आता सपोर्टमध्ये चार वर्षं काढल्यामुळे एक सवय पक्की होती, की "मला तर बरोबर दिसतंय" हे उत्तर समोरच्याला द्यायचं नाही, कारण समोरचा उगाच फोन करत नाही, त्याला खरंच काहीतरी दिसलेलं असतं. म्हणून मी कोड बाजूला ठेवला आणि तक्रारींची यादी घेऊन बसले. कोण आहेत हे लोक, ब्राउझर कुठला, फोन की कॉम्प्युटर, किती वाजता बघितलं. तासाभराने लक्षात आलं की तक्रार करणारा प्रत्येक माणूस आमच्या ऑफिसच्या बराच पश्चिमेकडे राहणारा होता. पूर्वेकडच्या एकाचीही तक्रार नव्हती.

मी लॅपटॉपची वेळ त्यांच्या टाइमझोनवर नेली, पान रिफ्रेश केलं, आणि पाचची चार झाली. तो क्षण मला अजून आठवतो. बग सुटला नव्हता, कारणही माहीत नव्हतं, पण दिसला होता, आणि जो दिसतो तो सुटतो.

कारण असं निघालं. सर्व्हरवरून तारीख यायची ती नुसती वर्ष-महिना-दिवस अशी, वेळ नाही. जावास्क्रिप्टला (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा) अशी नुसती तारीख दिली की ती यूटीसीप्रमाणे, म्हणजे जगभरातले टाइमझोन जिच्यावरून मोजतात त्या प्रमाणवेळेप्रमाणे, त्या दिवशीची मध्यरात्र धरते. तेच त्यापुढे वेळ जोडून दिली आणि टाइमझोन लिहिला नाही तर मात्र वापरणाऱ्याच्या स्थानिक वेळेप्रमाणे धरते, म्हणजे एकाच भाषेत दोन नियम. आता यूटीसीच्या मध्यरात्री पश्चिमेकडच्या माणसाकडे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, त्यामुळे त्याला चार तारीख दिसणार हे अगदी रीतसर होतं. आमचं ऑफिस यूटीसीच्या पूर्वेला, त्यामुळे आम्हाला कोणालाच कधी दिसलं नाही, आणि टेस्ट ज्या सर्व्हरवर चालतात त्याचं घड्याळ यूटीसीवरच, त्यामुळे टेस्ट हिरव्या.

मी धावत मेंटॉरकडे गेले की सापडलं, आता एक दिवस मिळवते म्हणजे झालं. ती हसली नाही, रागावली नाही, म्हणाली, "बरं, मग पूर्वेकडच्यांना काय दिसेल?" अर्थातच सहा. मग म्हणाली, "मला सांग, अपॉइंटमेंटची तारीख ही वेळ आहे का?" मला प्रश्नच कळला नाही. तिने कागद घेतला आणि दोन शब्द लिहिले, तारीख आणि क्षण. क्षण म्हणजे पूर्ण जगात एकदाच घडणारी गोष्ट, एखाद्याने बटण दाबलं तो क्षण, तो जगात कुठूनही बघितला तरी तोच, फक्त प्रत्येकाचं घड्याळ वेगळं दाखवतं. तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा चौकोन. कोणाचा वाढदिवस पाच तारखेला असेल तर तो विमानात बसून दुसरीकडे गेला म्हणून चार तारखेला होत नाही. आमच्या कोडने चौकोनाला क्षण बनवलं होतं आणि मग परत चौकोन बनवताना तो सरकला होता. दुरुस्ती म्हणजे ती तारीख कधी क्षण होऊच द्यायची नाही, वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे वेगळे काढायचे आणि तसेच दाखवायचे. (ते करताना लगेच दुसरा खड्डा लागला, जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे शून्य. १९९५ मध्ये भाषा घाईने बनली तेव्हा तारखेचा भाग जावा या दुसऱ्या भाषेवरून जवळपास जसाच्या तसा उचलला, त्यातून हे आलं आणि आजवर आहे.)

मग तिने सांगितलं की ही ओळ कोणी आणि का लिहिली ते बघ. गिटमध्ये ब्लेम नावाची कमांड आहे, प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कोणी बदलली ते येतं. मी चालवली आणि नाव आलं ते तिचंच. तीन वर्षांपूर्वीचा कमिट, आणि त्यावर संदेश काय तर "तारीख दुरुस्त केली." मला एकदम अवघडल्यासारखं झालं, आता कसं सांगायचं. ती म्हणाली, "हो, मीच लिहिलीय. आणि बघ, का लिहिली ते मला आज स्वतःलाच आठवत नाही, कारण मी तेव्हा लिहून ठेवलं नाही. तू तुझा संदेश असा लिही की तीन वर्षांनी तू इथे नसलीस तरी कळेल." त्या दिवशी मी कमिटचा संदेश चौदा ओळींचा लिहिला. काय दिसत होतं, कोणाला दिसत होतं, का, आणि एक दिवस मिळवून हे का सुटणार नाही. गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कामासाठी बनवलं, जिथे एकमेकांना कधी न भेटलेली असंख्य माणसं एकाच कोडवर काम करतात, हे मला आधी वाचून माहीत होतं. पण तो संदेश म्हणजे पुढच्या माणसाला लिहिलेली चिठ्ठी असते हे त्या दिवशी समजलं.

आणि शेवटी टेस्ट. टाइमझोन बदलून त्याच टेस्ट तीनदा चालवायच्या, यूटीसीच्या पूर्वेला, पश्चिमेला आणि बरोबर यूटीसीवर. आधी जुन्या कोडवर चालवून पश्चिमेची टेस्ट लाल होते का ते बघायचं, मगच दुरुस्ती लावायची. टेस्ट लाल झालेली आपण डोळ्यांनी बघितली नसेल तर ती खरंच काही तपासते की नाही हे आपल्याला माहीत नसतं. बदल एकूण नऊ ओळींचा. वेळ लागला पूर्ण तीन दिवस.

हे तीन दिवस मला कुठल्या कोर्सने दिले नसते. कोर्समध्ये टाइमझोनचा धडा असतो, वाचला, कळला, पुढे गेले. इथे कोणीतरी शेजारी बसून मला चुकीचं उत्तर पूर्ण बोलू दिलं, मग एक प्रश्न विचारला आणि गप्प राहिलं. तिला ती दुरुस्ती वीस मिनिटांत करता आली असती हे मला आज कळतं. तिने ती केली नाही, आणि कंपनीने तिला त्याचा जाब विचारला नाही. जिथे शिकणाऱ्याच्या हळू चालण्याची सोय केलेली असते ती जागा शोधा, मी मैत्रिणीला फोनवर सांगायला हवं होतं ते मुख्यतः हेच. भाषा कुठली शिकू, पायथन का जावा, वगैरे प्रश्न यापुढे फार छोटे आहेत, एक आली की दुसरी येते.

ती सोय आहे की नाही हे आधी कसं ओळखायचं, तर मुलाखतीत विचारायचं, सरळ. माझा मेंटॉर कोण असेल, त्याच्यावर अजून किती अप्रेंटिस आहेत, आठवड्यातले किती तास त्याने माझ्यासाठी धरलेत. शिकायला वेगळा वेळ आहे का आणि तो करारात लिहिलाय का की नुसता तोंडी आहे. मी खऱ्या कोडवर काम करणार की बाजूला एखादं खेळण्यातलं प्रोजेक्ट देणार. मुदत संपल्यावर काय होतं, आधीचे अप्रेंटिस आता कुठे आहेत, आणि त्यातल्या एकाशी मला बोलता येईल का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, जिथे नीट चाललंय तिथे लगेच गाठ घालून देतात.

कारण चांगल्या ठिकाणीही गोष्टी बिघडतात. माझ्या आठव्या महिन्यात मेंटॉरला अचानक दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं, कोणाला माझं काय करायचं ते सुचलं नाही, आणि दोन महिने मी टीमची उरलीसुरली टिकेटं करत बसले, बटणाचा रंग बदल, इथला मजकूर बदल, आणि मला वाईट वाटत होतं पण तक्रार केली तर लोक म्हणतील हिला झेपत नाही म्हणून मी बोलले नाही. ते दोन महिने वाया गेले. शेवटी मी दोन महिन्यांतल्या टिकेटांची यादी काढली, प्रत्येकापुढे त्यातून काय शिकले ते लिहिलं, बहुतेकांपुढे काहीच लिहिता आलं नाही, आणि ती यादी मॅनेजरसमोर ठेवली. त्यांनी वाचली आणि पुढच्याच सोमवारी मला दुसऱ्या एका सीनियरसोबत बसवलं. मुद्दाम कोणी केलं नव्हतं, लक्ष नव्हतं. पण ते लक्ष वेधायला मी आठ आठवडे लावायला नको होते. उमेदवारी हा दोन्ही बाजूंचा करार आहे, तुम्ही शिकायला तयार आहात तर शिकवणं हे त्यांचं देणं आहे, ते मागायला लाजू नका.

प्रश्न कसे विचारायचे हे वेगळं शिकावं लागतं. सुरुवातीला मी एक तर दीड दिवस गप्प बसायचे नाहीतर दर पाच मिनिटांनी उठून जायचे. मग आमचं ठरलं की अर्धा तास स्वतः झगडायचं, प्रामाणिकपणे, आणि अर्ध्या तासानंतर विचारायचंच. आणि विचारताना लिहून विचारायचं, मला काय करायचं होतं, मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, एररचा मजकूर जसाच्या तसा, आणि मला काय वाटतंय. गंमत म्हणजे हे मी सपोर्टला रोज लोकांकडून काढून घ्यायचे. कोणी फोन करून "चालत नाहीये" म्हणालं की मी विचारायचे, काय दाबलंत, मग स्क्रीनवर काय आलं, ते मला वाचून दाखवता का. तेच प्रश्न आता स्वतःला. आणि निम्म्या वेळा पाठवायच्या आधी लिहिता लिहिताच उत्तर सापडतं. आधीच्या कामातलं असं काहीतरी प्रत्येकाकडे असतं, शिक्षकाकडे असेल, नर्सकडे असेल, गोदामात माल मोजणाऱ्याकडे असेल, ते वाया गेलं असं समजू नका.

कोड रिव्ह्यूबद्दल थोडं. माझ्या पहिल्या मोठ्या पुल रिक्वेस्टवर सदतीस कॉमेंट आल्या. मी घरी जाऊन रडले, खरंच. दुसऱ्या दिवशी मेंटॉरने तिची स्वतःची त्याच आठवड्यातली पुल रिक्वेस्ट उघडून दाखवली, त्यावर बावीस होत्या. दुसऱ्याने कोड वाचून चुका काढण्याची रीत सॉफ्टवेअरमध्ये जुनी आहे, आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्येच त्याची पद्धतशीर मांडणी प्रसिद्ध केली होती, तेव्हा लोक छापलेला कोड घेऊन खोलीत एकत्र बसायचे. आता ते स्क्रीनवर होतं एवढंच. मी नंतर एक केलं, सदतीस कॉमेंटचे गट पाडले. नावं नीट न ठेवल्याच्या अकरा, एकाच फंक्शनमध्ये तीन कामं कोंबल्याच्या आठ, अशा. म्हणजे मुळात चुका पाच-सहाच होत्या, परत परत केलेल्या. आणि सगळ्यात मोठी चूक ही की एका वेळी नऊशे ओळी रिव्ह्यूला टाकल्या. त्यानंतर मी छोटे छोटे तुकडे टाकायला लागले आणि कॉमेंट कमी झाल्याच, पण ज्या आल्या त्या जास्त कामाच्या होत्या, कारण वाचणारा थकलेला नव्हता.

डिग्री नसल्यामुळे काही गोष्टी खरंच अडतात, ते लपवत नाही. एकदा ऑर्डरची यादी दाखवणारं पान मी लिहिलं, माझ्याकडे झटकन उघडायचं, स्टेजिंगवर जीव जायचा. माझ्याकडे चार ऑर्डर, तिथे दोनशे. बघितलं तर मी आधी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एक प्रश्न, करून दोनशे ऑर्डर आणत होते आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव आणायला वेगळी क्वेरी, म्हणजे दोनशे एक फेऱ्या डेटाबेसकडे. जॉइन लावून, म्हणजे ऑर्डर आणि ग्राहक एकाच क्वेरीत जोडून, ते एका फेरीत झालं. त्या रात्री मी डेटाबेस इंडेक्स म्हणजे काय, तो शोध कसा लवकर करतो, दोनशेची वीस हजार झाली तर कुठला कोड किती पटीने मंदावतो, हे सगळं वाचून काढलं आणि ते डोक्यात गेलं कारण मला ते हवं होतं. माझा अनुभव असा की थिअरी लागतेच, फक्त अप्रेंटिसला ती उलट्या क्रमाने मिळते, आधी ठेच आणि मग धडा. पण धड्यासाठी वेळ काढावाच लागतो, मी दर शुक्रवारी दुपारचे तीन तास त्यासाठी राखून ठेवले होते आणि करारात ते लिहिलेलं असल्यामुळे कोणी मीटिंग टाकली तर मला नाही म्हणता यायचं.

मैत्रिणीने हेही विचारलं की आता एआय कोड लिहून देतो तर मग शिकण्यात काही अर्थ आहे का. मी रोज वापरते, चांगलं आहे. पण शिकत असताना मी स्वतःपुरता एक नियम ठेवलाय, की त्याने लिहिलेली ओळ मला समोरच्या माणसाला समजावून सांगता आली नाही तर ती पुल रिक्वेस्टमध्ये जाणार नाही. तारखेच्या त्या बगवर त्याने मला बहुतेक लगेच उत्तर दिलं असतं. पण तक्रार करणारे सगळे पश्चिमेचे आहेत हे आधी बघावं लागलं असतंच, आणि ते बघायला कुठली ओळ कामी येत नाही, यादी घेऊन बसावं लागतं.

आता तिच्याबद्दल. तिला मी सांगितलं की लगेच अर्ज करू नकोस, आधी दोन महिने काहीतरी खरं बनव. तिच्याकडे एक एक्सेल शीट आहे, परत परत येणाऱ्या तक्रारी आणि त्यांची उत्तरं, चार वर्षं ती ठेवतेय, टीममधले सगळे तिच्याकडे मागतात. म्हटलं हेच घे, यातून शोधून देणारी छोटी स्क्रिप्ट लिही, गिटवर टाक, आणि मला रिव्ह्यूला पाठव, माझा कोड जसा वाचला गेला तसा मी तुझा वाचेन, मन राखणार नाही. पहिला तुकडा तिने काल रात्री पाठवलाय. बेचाळीस ओळी. नावं चांगली ठेवलीत, एकच काम करणारी छोटी फंक्शन्स आहेत, आणि तक्रारींच्या सगळ्या तारखा तिने नुसता मजकूर म्हणून वाचल्यात, त्यामुळे दहा तारीख दोन तारखेच्या आधी येतेय. रविवारी सकाळी अकराला फोन ठरलाय आमचा. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, फक्त विचारलंय की महिनाभराची यादी क्रमाने लावून बघितलीस का.